पाण्याचे विघटन आणि इरिडियमची काटकसर

अहिल्यानगर शहराच्या उत्तरेला, मनमाडच्या रस्त्यावर नागापूर लागते. येथे मोठी औद्योगिक वसाहत आहे. वसाहत म्हटली की मालमोटारी आल्या आणि मालमोटारी म्हटल्या की बॅटरीवाल्याचे दुकानही आले. असे दुकान तुमच्याही गावात असेल. तेथे बॅटरी दुरुस्त करणारा माणूस बॅटरीची सहा बुचे काढतो, आत डोकावून पाहतो आणि प्रत्येक कप्प्यात थोडे थोडे डिस्टिल्ड वॉटर ओततो.

हे पाणी कमी का होते? थोडे वाफ होऊन जाते, हे खरे. पण बरेचसे पाणी विजेने फोडलेले असते. बॅटरी चार्ज होत आली की आतल्या पट्ट्यांवर बुडबुडे येऊ लागतात. एका पट्टीवर हायड्रोजन निघतो, तर दुसरीवर ऑक्सिजन. चार्जिंगच्या खोलीत काडी पेटवायची नाही, असा दंडक असतो तो याचमुळे. शाळेत आपण ज्याला ‘पाण्याचे विद्युत अपघटन’ म्हणतो, ती क्रिया या दुकानात कोणालाही नको असताना चाललेली असते.

विद्यार्थी मित्रहो, आता एक कोडे पाहा. पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन यांत विघटन करण्यासाठी, सिद्धांताप्रमाणे, १.२३ व्होल्ट पुरेसे आहेत. शिशाच्या बॅटरीतील एका कप्प्याचा दाब तर सुमारे २ व्होल्ट असतो. मग त्या कप्प्यातील पाणी सदासर्वकाळ फुटत का राहत नाही? बॅटरी नुसती ठेवली तरी काही तासांत रिकामी व्हायला हवी. प्रत्यक्षात ती कित्येक आठवडे टिकते. असे का?

या कोड्याच्या उत्तरातच आजच्या लेखाचा विषय दडलेला आहे.

जादा व्होल्टचा जकातनाका

१.२३ व्होल्ट हा हिशेब ऊर्जेचा आहे. पाणी फोडायला निदान एवढी ऊर्जा लागते, इतकेच तो सांगतो. क्रिया किती वेगाने होईल, हे तो सांगत नाही. प्रत्यक्षात पाण्याच्या रेणूला विद्युत अग्राच्या पृष्ठभागावर येऊन काही पायऱ्या पार कराव्या लागतात. प्रत्येक पायरीवर थोडा अडसर असतो. तो ओलांडून क्रिया झपाट्याने व्हावी म्हणून आपल्याला १.२३ च्या वर आणखी काही व्होल्ट द्यावे लागतात. या जादा व्होल्टला शास्त्रज्ञ ‘अतिविभव’ म्हणतात. आपण त्याला जकातनाका म्हणू. माल तोच, रस्ता तोच, पण नाक्यावर पैसे मोजल्याखेरीज गाडी पुढे सरकत नाही.

हा नाका किती जबर आहे, हे धातूवर अवलंबून असते. शिशाच्या पृष्ठभागावर हायड्रोजन निघायला फार मोठा जादा दाब लागतो. प्लॅटिनमवर तो जवळजवळ लागतच नाही. शिसे हा हायड्रोजनच्या बाबतीत इतका वाईट उत्प्रेरक आहे, म्हणूनच शिशाची बॅटरी टिकते! तिच्या आम्लात प्लॅटिनमचा अत्यल्प अंश जरी मिसळला तरी तो ऋण पट्टीवर जाऊन बसतो, तेथे हायड्रोजनला वाट मोकळी होते आणि बॅटरी आपोआप उतरू लागते. पूर्वी पट्ट्यांना बळकटी यावी म्हणून शिशात अँटिमनी मिसळत. अँटिमनीमुळेही हा नाका थोडा सैल होतो व पाणी लवकर संपते. पुढे अँटिमनीऐवजी कॅल्शियम वापरू लागले आणि वरचेवर पाणी घालावे न लागणाऱ्या बॅटऱ्या निघाल्या.

असे का व्हावे? फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबात्ये (नोबेल पारितोषिक, १९१२) यांच्या नावाने ओळखले जाणारे एक तत्त्व याचा उलगडा करते. उत्प्रेरकाचा पृष्ठभाग हा एस.टी.च्या थांब्यासारखा असतो. गाडी थांब्यावर थांबलीच नाही तर उतारू चढणार कसे? उलट ती तेथेच मुक्काम ठोकून बसली तर मागच्या गाडीला जागा मिळणार नाही. हायड्रोजनच्या अणूंनी पृष्ठभागावर क्षणभर टेकावे, जोडी जमवावी आणि निघून जावे. शिसे त्यांना नीट टेकूच देत नाही. काही धातू त्यांना इतके घट्ट धरून ठेवतात की ते सुटत नाहीत. प्लॅटिनमची पकड मात्र अगदी बेताची असते.

करून पाहा

हा जकातनाका तुम्हांला घरी किंवा वर्गात पाहता येईल. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात दोन चमचे धुण्याचा सोडा विरघळवा. दोन पेन्सिली दोन्ही टोकांना तासा. त्या जाड पुठ्ठ्याच्या तुकड्यातून आरपार घालून एकमेकींपासून दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर पाण्यात सोडा. वरच्या टोकांना तारा जोडा.

प्रथम टॉर्चचा एकच नवा सेल जोडा. त्याचा दाब १.५ व्होल्ट, म्हणजे १.२३ पेक्षा जास्त. तरीही बुडबुडे जवळजवळ दिसणार नाहीत. आता दोन सेल एकापुढे एक जोडा. थोड्याच वेळात शिसपेन्सिलीच्या टोकांवर बुडबुडे दिसू लागतील. तीन सेल जोडले तर ते भराभर येतील. नंतर दोन सेल ठेवून ऋण बाजूची पेन्सिल काढा आणि तिच्या जागी घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा तितकाच खोल बुडवा. हायड्रोजनच्या बाबतीत लोखंड ग्रॅफाइटपेक्षा चांगले, त्यामुळे बुडबुडे वाढतील. शाळेत मिलिॲमीटर असेल तर शिक्षकांच्या मदतीने प्रत्येक वेळी प्रवाह मोजून तक्ता करा.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. घरातील विजेचे बटण या प्रयोगाला कधीही वापरू नका, फक्त सेल वापरा. सोड्याऐवजी मीठ घालू नका, कारण मिठाच्या पाण्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. आणि खिडकी उघडी ठेवून, जवळपास ज्योत नाही याची खात्री करूनच प्रयोग करा.

एक तार टिकते, दुसरी झिजते

विजेने पाण्याचे विघटन करण्याची गोष्ट जुनी आहे. व्होल्टाने बनविलेल्या विद्युत घटमालेची वार्ता लंडनला पोहोचताच, १८०० सालच्या मे महिन्यात, विल्यम निकल्सन व अँथनी कार्लाइल यांनी पाण्यात पितळेच्या दोन तारा सोडून प्रवाह जोडला. एका तारेवर हायड्रोजन निघाला. दुसऱ्या तारेवर ऑक्सिजन निघायला हवा होता, पण तेथे ती तारच गंजू लागली. त्यांनी प्लॅटिनमच्या तारा वापरल्या तेव्हा कोठे दोन्ही वायू मिळाले.

दोनशेहून अधिक वर्षांनंतरही अडचण नेमकी हीच आहे. ऋणाग्राचे काम तुलनेने सोपे आहे. तेथे हायड्रोजन आयनांना इलेक्ट्रॉन मिळतात व हायड्रोजन वायू तयार होतो. धनाग्राचे काम अवघड. पाण्याच्या दोन रेणूंमधून चार इलेक्ट्रॉन काढून घ्यायचे, चार हायड्रोजन आयन मोकळे करायचे आणि उरलेल्या दोन ऑक्सिजन अणूंची जोडी जमवायची. जादा व्होल्टचा मोठा हिस्सा येथेच खर्च होतो. शिवाय इलेक्ट्रॉन हिसकावून घेणारे हे अग्र पाण्याचेच नव्हे, तर स्वतःच्या धातूचेही इलेक्ट्रॉन काढू पाहते. म्हणजे धातू विरघळू लागतो. त्यात भोवताली आम्ल असेल तर लोखंड, निकेल, कोबाल्ट यांचा निभाव लागत नाही. सोने, प्लॅटिनम, इरिडियम हे राजधातू तग धरतात. त्यांतही ऑक्सिजन काढण्यात वाकबगार आणि टिकाऊ असा एकच गडी उरतो, तो म्हणजे इरिडियम व त्याचे ऑक्साइड.

आम्लाची वाट आणि अल्कलीची वाट

तुम्ही म्हणाल, मग आम्ल घ्यावेच कशाला? अल्कली घ्यावी. बरोबर आहे! उद्योगांनी हीच वाट पूर्वी धरली. दाहक पोटॅशच्या पंचवीस ते तीस टक्के द्रावणात निकेल विरघळत नाही. त्याच्यावर ऑक्साइड व हायड्रॉक्साइडचा थर येतो, आणि हा थर रक्षणही करतो व ऑक्सिजन काढायलाही मदत करतो. पंजाबात नांगल येथे भाक्रा धरणाच्या विजेवर अशा रीतीने पाण्यापासून हायड्रोजन काढून त्यापासून खत बनवीत असत. त्याच हायड्रोजनपासून जड पाणी वेगळे करणारा भारतातील पहिला कारखाना तेथे १९६२ साली सुरू झाला. एवढ्या मोठ्या कामाला प्लॅटिनम किंवा इरिडियम लागले नाही.

पण या पद्धतीच्या काही मर्यादा आहेत. दोन अग्रांमध्ये द्रावण आणि सच्छिद्र पडदा असतो. त्यांतून प्रवाह फार जोराने नेता येत नाही, म्हणून यंत्र आकाराने मोठे होते. प्रवाह फार कमी केला तर एका बाजूचा वायू पडद्यातून दुसऱ्या बाजूला झिरपून मिसळण्याचा धोका असतो. धरणाची वीज दिवसभर एकसारखी मिळते, तेथे हे चालून गेले. सूर्य आणि वारा यांच्या विजेचे तसे नाही. ढग आला की वीज उतरते, वारा सुटला की चढते.

यासाठी दुसरी वाट उपयोगी पडते. १९६० च्या दशकात अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने द्रावणाऐवजी प्लॅस्टिकच्या जातीचे एक पातळ पटल वापरून विद्युत अपघटनाचे यंत्र बनविले. या पटलातून फक्त हायड्रोजन आयन पलीकडे जातात. दोन्ही अग्रे पटलाला चिकटून बसतात, यंत्र आटोपशीर होते आणि विजेच्या चढउताराला ते चटकन जुळवून घेते. एकच अडचण. हे पटल स्वतःच तीव्र आम्लधर्मी असते. म्हणजे धनाग्रावर इरिडियम आले आणि ऋणाग्रावर प्लॅटिनम.

एक सोपे गणित

इरिडियम किती लागते? कागद-पेन्सिल घ्या.

अशा यंत्रात धनाग्राच्या दर चौरस सेंटिमीटरवर २ मिलिग्रॅम इरिडियम घातले आहे असे समजू. गेल्या काही वर्षांतल्या यंत्रांत साधारण एवढे असते. म्हणजे एका चौरस मीटरला २० ग्रॅम. दर चौरस सेंटिमीटरला २ अँपिअर प्रवाह आणि १.९ व्होल्ट दाब धरला, तर एक चौरस मीटर पृष्ठभाग ३८ किलोवॅट वीज घेईल. म्हणून १ किलोवॅटला सुमारे अर्धा ग्रॅम आणि १ मेगावॅटला सुमारे अर्धा किलो इरिडियम लागेल.

आता गरज पाहा. भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांचे ‘राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान’ मंजूर केले. २०३० पर्यंत दरवर्षी निदान ५० लाख टन हायड्रोजन बनविण्याची क्षमता उभारावी, असे उद्दिष्ट त्यात ठरविले. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी जुलैमध्ये आपले हरित हायड्रोजन धोरण मंजूर केले. एक किलो हायड्रोजनला सुमारे ५० युनिट वीज लागते. म्हणजे ५० लाख टनांना २५,००० कोटी युनिट. सूर्य-वाऱ्याच्या विजेवर यंत्रे वर्षातील ८,७६० तासांपैकी ४,००० तास पूर्ण जोराने चालतील असे धरले, तर सुमारे ६०,००० मेगावॅटची यंत्रे हवीत. आपल्या कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे. म्हणजे हे तीस कोयना प्रकल्पांच्या बरोबरीचे झाले.

ही सगळी यंत्रे पटलाची केली तर इरिडियम लागेल ३० टन. जगात वर्षाला इरिडियम निघते किती? जेमतेम सात-आठ टन! हा धातू इतका जड आहे, की त्याचे एक घन सेंटिमीटर साडेबावीस ग्रॅम भरते. त्यामुळे साऱ्या जगाचे वर्षाचे इरिडियम वितळवून दोनशे लिटरच्या पिंपांत ओतले, तर दोन पिंपेही पुरती भरणार नाहीत. केवळ आपल्या एका देशाच्या एका योजनेसाठी जगाचे चार वर्षांचे इरिडियम खर्ची पडेल. जास्त पैसे देऊन जास्त खणावे, असेही जमत नाही. इरिडियमची वेगळी खाण नसते. मुख्यतः दक्षिण आफ्रिकेत प्लॅटिनम काढताना त्याच्यासोबत ते थोडेसे मिळते. प्लॅटिनमचे उत्पादन वाढले तरच ते वाढते.

इरिडियमची काटकसर कशासाठी, हे आता ध्यानात आले असेल. किंमत हे एक कारण आहेच. पण मुळात तेवढे इरिडियम उपलब्धच नाही.

काम करतो तो फक्त पृष्ठभाग

काटकसरीचा पाया एका साध्या गोष्टीवर उभा आहे. उत्प्रेरकाचे काम फक्त त्याच्या पृष्ठभागावरील अणू करतात. आतले अणू बिचारे नुसते बसून असतात. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे एक मिलिमीटर बाजूचे हजार घन केले तर पृष्ठफळ ६० चौरस सेंटिमीटर होते. असेच तुकडे करीत १० नॅनोमीटर बाजूपर्यंत गेलो, तर एकूण पृष्ठफळ ६०० चौरस मीटर होईल. धातू तेवढाच, पण कबड्डीची चार मैदाने झाकून वर थोडा उरेल! (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.)

दुसरी युक्ती आपल्या स्वयंपाकघरातली आहे. पितळेच्या पातेल्याला आपण कल्हई लावतो. आंबट पदार्थाचा संबंध येतो तो आतल्या बाजूशी, म्हणून कथिल तेवढ्या बाजूला आणि तेही पातळ थरात लावले की पुरते. सबंध पातेले कथलाचे करावे लागत नाही. त्याचप्रमाणे स्वस्त पदार्थाच्या बारीक कणांवर इरिडियमचा पातळ थर चढवायचा. टायटॅनियम ऑक्साइड हा असा एक पदार्थ आहे.

ही कल्हई उद्योगात किती उपयोगी पडते, याचे उदाहरण आपल्या शेजारी गोव्यात आहे. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून क्लोरीन, कॉस्टिक सोडा आणि हायड्रोजन बनवितात. पूर्वी त्यासाठी ग्रॅफाइटची धनाग्रे वापरीत. ती झिजत, दोन अग्रांमधले अंतर वाढे आणि विजेचा खर्चही वाढे. १९६० च्या दशकात हेन्री बीअर या संशोधकाने टायटॅनियमच्या अग्रावर रुथेनियम ऑक्साइडचा पातळ थर देण्याची युक्ती काढली, आणि इटलीतील डे नोरा कंपनीने ती कारखान्यांत रूढ केली. टायटॅनियमवर आपोआप ऑक्साइडची साय धरते. ही साय वीज वाहू देत नाही, म्हणून उघडे टायटॅनियम धनाग्र म्हणून निरुपयोगी. परंतु वर रुथेनियमचा थर असला की वीज त्या थरातून जाते. थर कोठे खरवडला गेला तर तेवढ्या जागी साय धरते आणि खालचा धातू सुरक्षित राहतो. दोष वाटणाऱ्या गुणाचाच कसा उपयोग करून घेतला पाहा! गोव्यात फोंडा तालुक्यातील कुंडई औद्योगिक वसाहतीत अशी अग्रे बनवितात. १९८९ साली टायटॅनॉर कंपोनंट्स या नावाने स्थापन झालेली ही कंपनी आता डे नोरा इंडिया या नावाने ओळखली जाते. वापरून थर झिजलेल्या अग्रांवर तेथे पुन्हा नवा थरही चढवून देतात. पातेले तेच ठेवून कल्हई फिरून लावावी, तसाच हा प्रकार.

ऋणाग्रावरील प्लॅटिनमची गोष्ट तर आणखी सोपी ठरली. तेथील क्रिया मुळातच सुलभ असल्यामुळे प्लॅटिनम दहा-वीसपट कमी केले तरी प्रयोगांत यंत्राचे काम फारसे बिघडत नाही, असे दिसून आले आहे. खरी लढाई धनाग्रावरच आहे.

मग अडते कोठे?

चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅमऐवजी ०.२ मिलिग्रॅम इरिडियम वापरले, तर वरच्या गणितातले ३० टन ३ टनांवर येतात. मग एकदम तसे का करीत नाहीत?

एक तर थर फार विरळ झाला की कणाकणांतला संबंध तुटतो. ज्या कणाला वीज पोहोचत नाही तो असून नसल्यासारखा. दुसरे असे की इरिडियमही अगदीच अमर नाही. तेही अतिशय मंद गतीने विरघळते, आणि वीज वारंवार चालू-बंद होत असेल तर जरा जास्त विरघळते. जाड थरातून थोडे गेले तर कळतही नाही. पातळ थरातून तेवढेच गेले की अग्र निकामी होते. कण जितका बारीक तितका तो लवकर विरघळतो, ही आणखी एक अडचण. रुथेनियम हे इरिडियमपेक्षा जास्त मिळते व ऑक्सिजन काढण्यातही सरस आहे, पण आम्लात ते लवकर विरघळते. म्हणून दोघांची मिश्र ऑक्साइडे बनवून रुथेनियमची चपळाई आणि इरिडियमचा चिवटपणा यांचा मेळ घालण्याचे प्रयत्न चालतात.

आणि व्होल्टचा हिशेब विसरून चालत नाही. फॅराडेच्या नियमाप्रमाणे एक किलो हायड्रोजनला सुमारे २६,६०० अँपिअर-तास वीजभार लागतो. यात कोणतीही सवलत नाही. म्हणून दाब फक्त ०.१ व्होल्टने वाढला तरी दर किलोमागे २.६६ युनिट जादा वीज लागते. ५० लाख टनांवर ती होते सुमारे १,३३० कोटी युनिट. इरिडियम वाचविले आणि वीज उधळली, तर काटकसर कसली?

निकेलचे पुनरागमन

काही शास्त्रज्ञ म्हणतात, की आम्लात राहून इरिडियम वाचविण्यापेक्षा अल्कलीत परत जाऊन निकेललाच अधिक हुशार करावे. मुंबईत तुर्भे (ट्रॉम्बे) येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने सच्छिद्र निकेलची अग्रे वापरून अल्कलीतील यंत्रे विकसित केली. सच्छिद्र का, हे तुम्ही आता सांगू शकाल. पृष्ठभाग वाढावा म्हणून!

निकेलच्या बाबतीत एक मौजेची गोष्ट घडली. निकेल ऑक्साइडवर ऑक्सिजन निघण्याचा वेग कधी कमी तर कधी जास्त येई. १९८७ साली डेनिस कॉरिगन या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की याचे कारण द्रावणात अशुद्धी म्हणून राहिलेले लोखंड हे आहे. लोखंडाचा अत्यल्प अंश निकेलमध्ये शिरला की ऑक्सिजन कितीतरी सहज निघतो. ज्याला आपण मळ समजत होतो, तोच कामाचा निघाला. लोखंड व निकेल यांचे हे मिश्रण आज अल्कलीतील उत्तम उत्प्रेरकांत गणले जाते, आणि या दोन्ही धातूंचा जगाला तुटवडा नाही.

आता हायड्रोजन आयनांऐवजी हायड्रॉक्साइड आयन वाहून नेणारी नवी पटलेही निघाली आहेत. त्यांत पटलाच्या यंत्राचा आटोपशीरपणा आणि निकेल-लोखंडाचा स्वस्तपणा दोन्ही साधता येतील. परंतु ही पटले ऊन अल्कलीत वर्षानुवर्षे टिकली पाहिजेत. तेथे अजून काम बाकी आहे.

बातमी कशी वाचावी

‘महाग धातू न वापरता पाण्यापासून हायड्रोजन’ अशा मथळ्याची बातमी तुम्ही अधूनमधून वाचत असाल. पुढच्या वेळी ती वाचताना तीन प्रश्न विचारा. दर चौरस सेंटिमीटरला किती मिलिग्रॅम मौल्यवान धातू लागला? ठरावीक प्रवाह वाहताना किती व्होल्ट लागले? आणि हे सारे किती तास टिकले? उद्योगाला असे यंत्र निदान साठ हजार तास चालावे अशी अपेक्षा असते. अखंड चालविले तर ही जवळजवळ सात वर्षे होतात. प्रयोगशाळेतील चंचुपात्रात शंभर तास उत्तम चाललेले अग्र या परीक्षेत उतरेलच असे नाही. तिन्ही उत्तरे एकाच अग्राबद्दल आणि एकाच प्रयोगातली असली पाहिजेत. धातू एका प्रयोगात वाचला आणि तास दुसऱ्याच प्रयोगात टिकले, असे चालणार नाही.

शिक्षकांनी हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे. इरिडियम ०.४ मिलिग्रॅम धरले तर ६०,००० मेगावॅटला किती टन लागेल? निम्मी यंत्रे निकेलची केली तर किती? यंत्रांचे आयुष्य संपल्यावर त्यांतले नव्वद टक्के इरिडियम परत मिळविले, तर पुढच्या खेपेला नवे किती आणावे लागेल? उत्तरे काढण्यास आठवी-नववीचे त्रैराशिक पुरते. आणि नागापूरच्या बॅटरीवाल्याकडे किंवा तुमच्या गावातल्या दुकानात बॅटरीची बुचे काढलेली दिसली, तर आतले बुडबुडे लांबूनच न्याहाळा. तेथे त्यांना अडविण्यासाठी जी विद्या वापरली आहे, तीच उलट्या बाजूने वापरून त्यांना वाट मोकळी करून द्यायची आहे.